फ्यूज बदलला तरी परत उडतोय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेची पत्रं बघितली तर बहुतेक सगळी गाडीच्या इलेक्ट्रिकची आणि त्यातही फ्यूजचीच जास्त. एका अर्थाने बरं वाटलं, लोक स्वतः फ्यूज बॉक्स उघडून बघायला लागलेत. पण एक पत्र वाचून खरंच काळजी वाटली म्हणून ते सगळ्यात आधी घेतोय, उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

प्रश्न : दादा, माझ्या गाडीत चार्जिंग सॉकेटचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज सारखा उडायचा. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप लावला की हमखास. मित्राने ३० चा हिरवा टाकून दिला, तेव्हापासून एकदाही गेला नाही. कायमचं असंच ठेवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. हे वाचून झालं की पहिलं काम तो हिरवा फ्यूज काढायचं करा. निळा हाताशी नसेल तर जागा रिकामी ठेवा, चार दिवस सॉकेट बंद राहिलं तर काही बिघडत नाही.

बऱ्याच लोकांना वाटतं फ्यूज हा पंपाला, चार्जरला, टेपला वाचवायला असतो. तसं नाहीये. तो वायरला वाचवायला असतो. गाडी बनवताना त्या सॉकेटपर्यंत किती जाडीची वायर न्यायची हे ठरवतात आणि ती वायर गरम व्हायच्या आत तुटेल असा फ्यूज तिच्या तोंडाशी बसवतात. आता तुम्ही फ्यूज डबल केलात पण वायर तीच आहे. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आणि ती वायर मोकळ्या हवेत नाहीये, कार्पेटखाली दहा-पंधरा वायरींच्या जुडग्यात, म्हणजे हार्नेसमध्ये, टेप गुंडाळून बसलेली आहे, तिथली उष्णता जाणार कुठे? आधी तिचं स्वतःचं प्लॅस्टिक मऊ होतं, मग शेजारच्या वायरचं, मग दोन्ही तांबी एकमेकांना चिकटतात आणि मग काय होईल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

मी अशी एक गाडी उघडलीय. उडालेल्या फ्यूजला कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेला होता. मालक म्हणत होते नुसता वास येतोय, एसीचा असेल. कार्पेट उचललं तर पुढच्या सीटखालचा आख्खा हार्नेस वितळून एक काळा दोर झाला होता आणि त्याच सीटमागे त्यांच्या मुलाची सीट बांधलेली होती. ते दृश्य आजही डोळ्यासमोर आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आता तुमचा फ्यूज का उडत होता ते शोधू. यात फ्यूज कधी उडतो ती वेळ बघायची, तिथेच अर्धं उत्तर असतं. नवा फ्यूज खोचता खोचताच चट् करून गेला तर शॉर्ट फ्यूज बॉक्स आणि स्विच यांच्या मधल्या वायरमध्ये आहे. स्विच ऑन केल्यावर गेला तर शॉर्ट स्विचच्या पुढे. खड्ड्यात किंवा वळणावर जातो तर कुठेतरी वायर पत्र्याला घासतेय. आणि पाच-दहा मिनिटं चालून जातो तर बहुतेक वेळा शॉर्ट नसतोच, लोड जास्त असतो, किंवा एखादी मोटर जाम होत आलेली असते. कारण १५ चा फ्यूज १६ अँपिअरला लगेच तुटत नाही, थोडा जास्त करंट तो बराच वेळ सोसतो, दुप्पट गेला तरच काही सेकंदांत तुटतो.

तुमचा पंप लावला कीच जातो, म्हणजे संशय लोडवर. पंपावरचा वॅटचा आकडा वाचा आणि त्याला १२ ने भागा. १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, १८० वॅट म्हणजे सरळ १५. त्यात टायरमधली हवा जशी वाढते तशी पंपाला जास्त ताकद लागते आणि करंट चढतो, आणि त्याच सॉकेटला स्प्लिटर लावून फोनचं चार्जिंगपण चालू असेल तर झालंच. सॉकेटच्या झाकणावर बघा, पुष्कळ गाड्यांत १२० वॅट असं लिहिलेलं असतं, त्याच्या वरचं काही तिथे लावायचं नाही. मोठा पंप हवाच असेल तर बॅटरीला डायरेक्ट चिमटे लावायचा घ्या, ज्याच्या वायरमध्ये स्वतःचा फ्यूज असतो.

पंप न लावतासुद्धा उडत असेल तर मात्र शॉर्ट. आधी टॉर्चने सॉकेटच्या आत बघा, नाणं, पिन, चार्जरच्या टोकाची तुटलेली स्प्रिंग असलं काहीतरी आत पडलेलं खूपदा सापडतं (काढायच्या आधी फ्यूज काढा!). तिथे काही नसेल तर फ्यूजमागे फ्यूज जाळत बसू नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा, त्यांची टोकं फ्यूजच्या दोन खाचांत बसतील अशी करा. आता फ्यूजच्या जागी बल्ब आला. समोर कितीही मोठा शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे वायर सुरक्षित. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटेल. मग त्या लाइनवरचे कपलर (वायरी एकमेकांना जोडणारे प्लॅस्टिकचे जोड) एकेक करून सोडवत जा, हार्नेस जरा हलवत जा, ज्या क्षणी बल्ब विझला तिथे दुखणं आहे. सीट कव्हर, स्पीकर, कॅमेरा असं काही अलीकडे बसवलं असेल तर सुरुवात तिथूनच करा, स्क्रू वायरमधून आरपार गेलेला मी कितीतरी वेळा काढलाय.

प्रश्न : सर, इंजिनचा दिवा लागला म्हणून गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर आणला तर तो ऑनच होत नाही. दुसऱ्या गाडीत चालतो. कॉम्प्युटर गेला का?

उत्तर : घाबरू नका. आधी सांगा, फोन चार्ज होतोय का सॉकेटवर? बऱ्याच गाड्यांत स्कॅनरच्या पोर्टचा सप्लाय आणि चार्जिंग सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. पोर्टच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट आले पाहिजेत, अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी परतीची वाट, ४ आणि ५ वर. १६ वर काहीच नसेल तर फ्यूज बघा, कॉम्प्युटर बदलायचं कुणी म्हटलं तर त्याच्या आधी हे बघायला सांगा.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे, बाबांची जुनी गाडी चालवते आणि जमेल तेवढं स्वतः दुरुस्त करते. हॉर्न बंद पडला. फ्यूज काढून उजेडात बघितला, तार शाबूत दिसतेय, तरी हॉर्न नाही. आता पुढे काय बघू?

उत्तर : छान वाटलं तुझं पत्र वाचून. पहिली गोष्ट, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. फ्यूजची तार कधीकधी अगदी पायाशी केसाएवढी तुटते, ती दिसत नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, ते तपासण्यासाठीच ठेवलेले असतात. टेस्ट लॅम्प म्हणजे एकीकडे चिमटा आणि दुसरीकडे टोक असलेला छोटा दिवा, त्याचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लाव आणि टोक आधी एका ठिपक्यावर, मग दुसऱ्यावर टेकव. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला पेटला तर उडालेला. दोन्हीकडे नाहीच पेटला तर त्या फ्यूजपर्यंत सप्लायच येत नाहीये, काही फ्यूजना चावी ऑन केल्याशिवाय करंट येत नाही म्हणून चावी ऑन करून परत बघ.

फ्यूज चांगला निघाला तर रिले बघ, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हॉर्नचा रिले बहुतेक फ्यूज बॉक्समध्येच असतो आणि शेजारी अगदी तसाच, त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, दोघांची अदलाबदल करून बघ, नंबर मात्र तंतोतंत तोच पाहिजे. हॉर्न दाबल्यावर रिलेवर बोट ठेव, टक् असं जाणवलं तर स्टिअरिंगपासून रिलेपर्यंतचं सगळं ठीक आहे आणि दोष पुढे, म्हणजे रिलेचे कॉन्टॅक्ट, वायर, अर्थ नाहीतर खुद्द हॉर्न. टक् होतच नसेल आणि रिले चांगला असेल तर दोष स्टिअरिंगच्या बाजूला. तिथे मात्र थांब. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, तिचे कपलर पिवळे असतात, त्या पिवळ्या वायरींना टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर लावायचाच नाही. ते काम शिकलेल्या माणसाकडून करून घे, यात कमीपणा नाही.

आणि फ्यूज परत बसवताना नुसत्या रंगावर जाऊ नकोस, वरचा आकडा वाच. रंग साधारण असे : ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. पण ५ आणि ७.५ अंधारात सारखेच दिसतात.

प्रश्न : गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. अल्टरनेटर तपासला, चार्जिंग १४.२ व्होल्ट. शेवटी मल्टीमीटर लावून बघितलं तर गाडी बंद असताना ०.४२ अँपिअर जातायत. एवढे जायला पाहिजेत का? आणि कोण खातंय ते कसं शोधू, फ्यूज काढला की मीटर एकदम भलतेच आकडे दाखवतो.

उत्तर : तुम्ही मोजलंत हेच फार चांगलं केलंत, बहुतेक लोक तिसरी बॅटरी विकत घेतात.

गाडी झोपल्यावर घड्याळ, लॉक, कॉम्प्युटरची मेमरी मिळून साधारण ०.०२ ते ०.०५ अँपिअर जातात, ते चालतं. ०.४२ म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर. तुमची बॅटरी ४५ ची धरली तर तीन दिवसांत ३० गेले, उरलेल्या १५ मध्ये सेल्फ कुठून फिरणार, म्हणजे तुमची तक्रार आणि तुमचा आकडा दोन्ही बरोबर जुळतायत.

पण एक विचारतो, गाडी बंद केल्यावर किती वेळाने मोजलंत? आजच्या गाडीतले कॉम्प्युटर चावी काढल्याबरोबर झोपत नाहीत, वीस-तीस मिनिटं, काहींना त्याहून जास्त लागतात. त्यात दार उघडलं, रिमोट दाबला, बिनचावीची गाडी असेल तर रिमोट खिशात घेऊन जवळ उभे राहिलात, की सगळे परत जागे. फ्यूज काढून परत खोचला तरी त्या लाइनवरचा कॉम्प्युटर जागा होतो, तुमचे भलतेच आकडे तिथून येतायत.

म्हणून असं करा. बोनेट उघडं ठेवा पण त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, फ्यूज बॉक्सकडच्या दाराचंही तसंच, म्हणजे गाडीला वाटेल सगळं बंद आहे. रिमोट लांब घरात ठेवा. तासभर गाडीकडे जाऊ नका. मग मीटर मिलिव्होल्टवर घेऊन एकही फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या त्या दोन ठिपक्यांवर टोकं ठेवत जा. ज्या फ्यूजमधून करंट जात नाही तिथे ०.० येईल. ज्यातून जातोय तिथे थोडेसे मिलिव्होल्ट दिसतील, १० च्या फ्यूजमधून ०.४ अँपिअर जात असले तर साधारण ३ मिलिव्होल्ट. सापडला की झाकणावरचा तक्ता बघायचा, त्या लाइनवर काय काय आहे ते कळतं. छोट्या फ्यूजमध्ये कुठेच काही नाही आलं तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक असू शकतो, १४.२ चार्जिंग दाखवणाऱ्या अल्टरनेटरचाही असतो, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह काढून, अल्टरनेटरची जाड वायर सोडवून, तिचं टोक नीट टेप करून, परत मोजायचं.

पण खरं सांगू का, तुमचा ०.४२ हा आकडा बघून माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ५ वॅटचा बल्ब. ५ भागिले १२, बरोब्बर तेवढेच. डिकीतला दिवा नाहीतर ग्लव्ह बॉक्समधला. झाकण बंद झालं की तो विझतो असं आपण धरून चालतो, स्विच अडकला तर तो आत एकटा जळत राहतो आणि बाहेरून कुणाला दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा, झाकण लावा, एक मिनिटाने काढून बघा. आधी हे करा, मग बाकीचं. दिवा नाही निघाला तर बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम बघा, तिच्या लाल आणि पिवळ्या वायरी एकत्र पिळून जोडलेल्या असतील तर ती कधी पूर्ण बंदच होत नाही.

आणि मीटर वायरमध्ये जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर १० अँपिअरचा असतो आणि सेल्फ शंभराच्या वर ओढतो.

प्रश्न : ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरपण मंद पेटतो, आणि इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट मिचमिचतो. सगळे फ्यूज ठीक आहेत.

उत्तर : अर्थ गेलाय. मागच्या दिव्यात तीन-चार बल्ब असतात आणि सगळ्यांची परतीची वाट एकच, एक काळी किंवा तपकिरी वायर जी बॉडीला एका स्क्रूने जोडलेली असते. तिथे गंज चढला की करंटला परत जायला रस्ता मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा वाट काढतो आणि भलतंच काहीतरी पेटतं. फ्यूज उडणार नाही, कारण करंट वाढलेला नाही, कमीच झालाय.

मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक होल्डरच्या अर्थ पिनवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर (वायर लांबवून घ्या), आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब. स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, कडकडीत आवळा, वरून ग्रीस लावा. होल्डर आतून काळा किंवा वितळलेला असेल तर तो बदलाच. आणि नुकताच बल्ब बदलला असेल तर तोही काढून बघा. ब्रेक-पार्किंगचा दोन तारांचा बल्ब असतो आणि त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात. त्या जागी एका तारेचा बल्ब जोर लावून बसवला की असंच भलतंच काहीतरी पेटतं.

प्रश्न : इंडिकेटरला एलईडी बल्ब टाकले, तेव्हापासून खूप वेगात लुकलुकतात.

उत्तर : एक बल्ब गेला तर ड्रायव्हरला कळावं म्हणून ही सोय असते. २१ वॅटच्या जागी एलईडी अगदी थोडा करंट घेतो, गाडीला वाटतं बल्ब उडाला. फ्लॅशर रिले वेगळा असेल तर एलईडीला चालणारा मिळतो. बल्बएवढा करंट जावा म्हणून रेझिस्टर लावणार असाल तर तो चटका बसेल एवढा तापतो, प्लॅस्टिकला किंवा वायरला टेकू न देता पत्र्यावर बसवा. मला विचाराल तर जुने बल्ब परत टाका.

प्रश्न : ब्लोअर मधेच बंद होतो, फ्यूज दाबला की चालू होतो. काढून बघितलं तर फ्यूजची तार शाबूत पण प्लॅस्टिक एका बाजूने वितळलंय आणि खालची जागापण तपकिरी झालीय. नवा फ्यूज टाकला, महिन्यात तोही तसाच.

उत्तर : तुमचा फ्यूज दोषी नाहीये, तो ज्या चिमट्यात बसतो तो चिमटा सैल झालाय. सैल जोडाला विरोध असतो. ब्लोअर २० अँपिअर घेतोय आणि जोडाला नुसता ०.०२ ओहमचा विरोध असला तरी तिथे ८ वॅट उष्णता तयार होते, नखाएवढ्या जागेत. करंट मर्यादेतच असल्यामुळे फ्यूज तुटत नाही आणि प्लॅस्टिक मात्र वितळत जातं. नवा फ्यूज टाकून हे बरं होणार नाही, एकदा भाजलेल्या पितळेची स्प्रिंग परत येत नाही. तो चिमटा मागून काढून त्याच वायरीच्या टोकाला नवा दाबून (क्रिंप करून) बसवून घ्या, होल्डर फार वितळला असेल तर त्याच जाडीच्या वायरवर वेगळा फ्यूज होल्डर बसवतात, तोही चालतो.

पण चिमटा सैल का झाला हे बघितल्याशिवाय गाडी सोडू नका. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून ब्लोअर फुल स्पीडला किती करंट घेतोय ते बघा. फ्यूजच्या आकड्याच्या अगदी जवळ जात असेल तर मोटरचे बुश जाम होत आलेत किंवा पंख्यात पाला अडकलाय, पाला हाताने निघतो. रेडिएटरच्या फॅनचंही असंच होतं, त्याचा ३० किंवा ४० चा फ्यूज तपकिरी दिसला तर इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून, फॅन हाताने फिरवून बघा, तो अगदी मोकळा फिरला पाहिजे.

प्रश्न : डिकी उघडी असली की नंबर प्लेटचा दिवा लागतो, बंद केली की जातो. मागचा वायपरपण मनात येईल तेव्हा चालतो.

उत्तर : डिकीच्या बिजागरीजवळ बॉडीतून दरवाजात जाणारी रबरी नळी आहे ना, ती एका बाजूने सोडवून मागे सरकवा. आत वायरी असतात आणि प्रत्येक उघडझापीला त्या एकाच जागी वाकतात, एक दिवस आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लॅस्टिक तसंच राहतं, म्हणून बघून कळत नाही. एकेक वायर हलकेच ओढा, तुटलेली रबरासारखी ताणली जाईल. नुसती पिळून टेप मारू नका, तिथे वाकणं थांबणार नाहीये, त्याच जाडीचा मऊ वायरीचा तुकडा मधे घाला, दोन्ही जोड नळीच्या बाहेर येतील एवढा लांब, सोल्डर करा आणि श्रिंक ट्यूब चढवा. शेजारच्या वायरीही त्याच वयाच्या आहेत, एक तुटली म्हणजे बाकीच्या त्याच वाटेवर आहेत, नळी उघडलीच आहे तर सगळ्या बघून घ्या.